उभय पक्षांचे चांदेकर काकाजी

घासाघीस सगळेच करतात. चांदेकर काकाजीही करायचे, फक्त उलटी.

भाजीवाली म्हणायची, "मेथी दहाची जुडी, काकाजी." काकाजी जुडी हातात घ्यायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "पेरली कुणी? खुडली कुणी? गावातून इथपर्यंत डोक्यावर आणली कुणी? दहा हा दर न्याय्य नाही. बारा."

"दहाच द्या ना जी," ती बिचारी घाबरून म्हणायची.

"बारा."

"बरं, अकरा द्या, पन जा आता."

अकरावर तोडगा निघायचा आणि मागे उभे असलेले आम्ही शेजारी कपाळाला हात लावायचो, कारण पुढच्या गिऱ्हाइकाला तोच भाव लागायचा. माझी बायको तर काकाजी बाजारात दिसले की पिशवी रिकामीच घेऊन परत फिरायची.

यावरून काकाजी उधळे होते असं मात्र समजू नका. आमच्याकडच्या सत्यनारायणाला त्यांनी भटजींना दक्षिणा देण्याच्या ऐन क्षणी माझा हात धरला होता. "एकूण कामाचा वेळ पावणेदोन तास," ते घड्याळ दाखवत म्हणाले, "पैकी फोनवर बोलण्यात गेलेली बावीस मिनिटं वजा. चौथा अध्याय घाईत उरकला, तेही नोंदीवर घ्या." भटजी लाल झाले, बायको पांढरी झाली. मी प्रसाद वाटायला उठून गेलो. मास्तरकीत एवढं तरी शिकलो आहे, की कधी उठून जावं.

काकाजींनी एकतीस वर्षं कामगार न्यायालयात लघुलेखक म्हणून काढली होती. न्यायाधीशसाहेब निकाल सांगायचे, काकाजी पेन्सिलीने तो टिपून घ्यायचे आणि मग टाइप करायचे. साहेब येत, बदलून जात. पेन्सिल तीच. निवृत्त झाल्यावर खुर्ची सुटली, पण कोर्ट काही अंगातून गेलं नाही. एकदा गॅसच्या टाकीवरून माझी आणि बायकोची जुंपली होती. मध्ये नुसती कमरेएवढी भिंत. पलीकडून आवाज आला, "उभय पक्षांनी एकेक करून बोलावं!" भांडण जागच्या जागी विझलं. नंतर बायको म्हणाली, "बरं झालं, नाही तर आज तुम्ही हरला असता."

काकू जाऊन तीन वर्षं झाली होती. एकुलती लेक पुसदला नांदत होती. काकाजी एकटेच स्वयंपाक करायचे, एकटेच जेवायचे, आणि रोज सकाळी साडेदहाला इस्त्रीचा सदरा घालून, खिशाला पेन्सिल लावून ओट्यावर येऊन बसायचे. कशासाठी, ते आम्ही कधी विचारलं नाही.

ते कापसाचे फार वाईट दिवस होते. भाव पडलेला, त्यात अळीने बोंडं आतून खाल्लेली. पूर्वी दिवाळीनंतर सुरू झालेल्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मशिनी पार उन्हाळ्यापर्यंत धडधडायच्या. आता होळीलाच थंड पडायच्या. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत गिरधरशेठची जिनिंग होती. जवळच्या बंजारा तांड्यावरच्या चाळीसेक बाया तिथे मशिनीत कापूस घालायला जायच्या. मजुरी किती वर्षांत वाढली नव्हती, ते शेठलाही सांगता आलं नसतं. त्या जानेवारीत एका सकाळी बाया आल्या, फाटकाशी बसल्या आणि आत काही गेल्या नाहीत.

तीन आठवडे त्या तशाच बसून होत्या. आणि मग एक दिवस त्यांची म्होरकी आमच्या गल्लीत आली. शेवंताबाई राठोड तिचं नाव, पण सगळा तांडा तिला याडी म्हणायचा. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. साठीची बाई, कपाळावर गोंदण, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. तिने दार वाजवलं ते माझं. माझ्या पत्रिकेत हे असंच लिहिलं आहे.

"कोर्टातले काकाजी इथंच राह्यते काय?"

"शेजारी," मी म्हटलं आणि दार लावून घेणार होतो. पण बाईने इतक्या हक्काने "चला, दाखवा" म्हटलं, की मी पायात चपला सरकवल्या.

काकाजी चहा पीत होते. याडीने उभ्या उभ्याच सांगितलं, "कामगार हाफिसातल्या सायबाले भेटून आलो. सायब म्हनते, आधी समेट करून पाहू. नाई जमला तं कागद वर जाईन. वरून हुकूम येईन, मंग कोर्ट बसन. म्या इचारलं, कधी बसन जी? थे म्हने, वर्स-दीड वर्स. आन आमचा हंगाम तं होळीले संपते! मंग थो न्याय आमी कुठं ठेवाव? थितल्या शिपायानं तुमचं नाव सांगतलं."

काकाजी उठले ते असे, की बशीतला चहा धोतरावर सांडला. भाजलं असणार. त्यांना कळलंही नाही. एरवी हा माणूस छापील मराठी बोलायचा, पण उत्साह चढला की कोर्ट गळून पडायचं आणि आतला वऱ्हाडी बाहेर यायचा.

"हाये ना! कायद्यात हाये ना बाप्पा! कायले दीड वर्स थांबता? दोघांयनं लिवून द्या की आमाले अमका मानूस मंजूर हाये. थो लवाद. थो सांगन थे दोघांयवर बंधनकारक! मास्तर, स्कूटर काढा!"

मी स्कूटर काढली. मागे काकाजी, हातात जुनं कायद्याचं पुस्तक, आणि वाटेत माझ्या कानात कलमांचा पाऊस. याडी आणि तिच्या दोघी सोबतिणी ऑटोने आल्या आणि आमच्या आधी जिनिंगवर पोचल्या.

गिरधरशेठ काही राक्षस नव्हता, हे मला सांगायला हवं. आवारात कापसाचा पांढरा डोंगर पडलेला. शेठ त्याच्याभोवती चकरा मारत होता. "ऊन चढून राह्यलं," तो मला म्हणाला, "एक बिडी पडली ना, तं सारं खलास. मी काय खुशीनं बसलो काय मशीन बंद करून? पन कापसाच्या गाठीले भावच नाई, देऊ कुठून?" काकाजींनी त्याला कलम वाचून दाखवलं. शेठने विचार केला आणि म्हणाला, "मंजूर. पन लवाद कोन?"

याडीने काकाजींकडे बोट दाखवलं. आणि काय आश्चर्य! शेठनेही त्यांच्याकडेच बोट दाखवलं.

"हा मानूस मागल्या साली माह्याकडून उशीची रुई घेऊन गेलता," शेठ म्हणाला, "वीस रुपये जास्त देऊन गेला. वापस द्याले गेलो तं भांडला माह्याशी! असा मानूस बेइमान होऊच शकत नाई."

"आमची सून कोथिंबीर इकाले जाते, तिच्याशी बी भांडते हे," याडी म्हणाली.

तीन आठवड्यांत उभय पक्षांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. ज्या खोडीमुळे आम्ही शेजारी या माणसाला चुकवत फिरायचो, तिच्यामुळेच! मी काकाजींकडे पाहिलं. मला वाटलं होतं, उडीच मारतील. ते खाली बसले. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

"एकतीस वर्षं," ते हळूच म्हणाले, "इतक्या लोकांची मजुरी माझ्या हातून लिहिली गेली मास्तर. ठरवली एकाचीही नाही." मग एकदम ताठ झाले. "नोंदीवर घ्या. नेमणूक स्वीकृत!"

पुढचे आठ दिवस आमच्या गल्लीत नुसती धामधूम. मला निबंधक नेमण्यात आलं. मला विचारण्यात आलं नाही. शाळेतली घंटा, एक टेबल आणि तीन खुर्च्या मी हेडमास्तरांना थापा मारून पैदा केल्या. आता बसायचं कुठे? शेठच्या ऑफिसात बसलं तर ती शेठची जागा, तांड्यावर बसलं तर ती बायांची. काकाजींनी उपाय काढला. जिनिंगच्या फाटकापासून तांड्यापर्यंतचं अंतर माझ्या स्कूटरने मोजायचं आणि बरोबर मध्यावर लवाद बसवायचा. आम्ही मोजलं. मध्य आला ट्रकचं वजन करायच्या धर्मकाट्यावर. काटेवाला म्हणाला, "बसा ना जी, पन ट्रक आला तं उठा लागन." सुनावणीच्या पहिल्या दिवशी आम्ही सात वेळा उठलो.

आणि पहिल्याच दिवशी लवाद मोडता मोडता वाचला. काकाजी सदरा-कोट घालून खुर्चीत बसले, घंटा वाजवली. याडी उभीच.

"बसा बाई."

"आमच्या तांड्यावर न्याव असला की सारे खाली बसतेत. तांड्याचा मुखिया, नायक, थो बी. खुर्चीवर बसून कोनी न्याव करते काय? खुर्चीवरून तं हुकूम करतेत."

चाळीस बायांनी माना डोलावल्या. मला वाटलं, संपलं आता. कोर्टाची शिस्त म्हणजे काकाजींचा जीव. एकतीस वर्षं ज्यांनी साहेबांची खुर्ची नुसती पाहिली होती, त्यांना आज कुठे ती मिळाली होती. काकाजी क्षणभर खुर्चीचे हात चाचपत राहिले. मग उठले, सतरंजीवर मांडी घालून बसले. "हरकत मान्य," ते म्हणाले.

शेठचे गुडघे दुखायचे, म्हणून तो उशी घेऊन बसला, तर याडी कडाडली, "हे उंच झाले!" त्यावर दोन्ही बाजूंचं अर्धा तास म्हणणं ऐकून काकाजींनी आयुष्यातला पहिला आदेश दिला. "गुडघ्यांच्या कारणास्तव एक उशी मंजूर. जाडी चार बोटांपेक्षा जास्त नको." शेठच्या ड्रायव्हरने बोटं लावून मोजली.

मी हसत होतो, पण खरं सांगतो, असं काम मी आधी पाहिलं नव्हतं. काकाजी नुसते ऐकत बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "स्थळपाहणी!" आणि शेठला सांगून एक मशीन सुरू करायला लावली. स्वतः फळीवर उभे राहिले आणि दोन्ही हातांनी कापूस घालू लागले. कानठळ्या बसवणारा आवाज, वर तंतूंचा धुरळा. वीस मिनिटांत ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झाले. खोकून खोकून डोळ्यांना पाणी. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"काकाजी, उतरा ना आता!"

"उतरतो. आता दुसरा पक्ष," काकाजी म्हणाले. "शेठ, या वर."

शेठने नको नको म्हटलं, पण चाळीस जणी बघत होत्या. तो चढला. वडिलांच्या काळापासून जिनिंग त्याची, पण तो मशीनशेजारी असा कधी उभा राहिला नव्हता. पाऊण तासाने उतरला. नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला. याडीने त्याला पुसायला आपल्या ओढणीचं टोक दिलं. त्याने घेतलं.

मग काकाजींनी बायांनाही सोडलं नाही. शेठच्या पडून असलेल्या गाठींपुढे त्यांना उभं केलं आणि शेठला एकेका गाठीची कहाणी सांगायला लावली: कधी बांधली, कोण घेणार होता, कोण पाठ फिरवून गेला. याडी सगळ्या गाठींवरून हात फिरवत गेली. शेवटी म्हणाली, "एवढ्या पडून हायेत? आमाले वाटलं, लपवून ठेवल्या."

होळी तीन आठवड्यांवर आली होती. निकाल लागला नाही तर बाया ऊसतोडीला नाही तर वीटभट्टीवर पांगणार आणि कापूस उन्हात पिवळा पडणार, हे दोघांनाही माहीत होतं. काकाजींनी निकालाची तारीख दिली. शुक्रवार, सकाळी साडेदहा.

शुक्रवारी धर्मकाट्यावर जत्रा होती. तांडा आलेला, शेजारच्या कारखान्यांतले कामगार आलेले. काटेवाल्याने स्वतःहून साखळी टाकून ट्रक अडवले होते. माझी बायकोसुद्धा आली होती. मी कधी नव्हे ती इस्त्री केली होती. जसं काही माझीच मजुरी ठरणार होती.

काकाजी सतरंजीवर बसले. वही उघडली. नवं टोक केलेली पेन्सिल हातात घेतली. मी घंटा वाजवली. 

काकाजी मान खाली घालून, पेन्सिल कागदाला टेकवून बसले.

एक मिनिट गेलं. मला वाटलं, मनातल्या मनात उजळणी करताहेत. दुसरं मिनिट गेलं. शेठने याडीकडे पाहिलं, याडीने माझ्याकडे. अडवलेल्या एका ट्रकने हॉर्न दिला. काकाजी हलले नाहीत. आणि मग मान वर न करताच ते अदबीने म्हणाले,

"हं. बोला, साहेब."

कुणाला काही कळेना. मला कळलं. एकतीस वर्षं! एकतीस वर्षं या क्षणी कुणीतरी वरून बोलायचं आणि काकाजींनी लिहायचं. सगळं ऐकून, पाहून, मोजून झाल्यावर ऐन वेळी हाताला जुनी सवय आठवली होती. ते निकालाची वाट बघत होते.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. याडीने वळून पाहिलं तसं ते हसू तिथेच मेलं. ती गुडघ्यांवर पुढे सरकली आणि हलकेच म्हणाली, "काकाजी, सायब कोनी नाई इथं. तुमीच हाये. तुमीच बोला."

काकाजींनी मान वर केली. समोरच्या गर्दीकडे नव्याने पाहिलं. चेहरा पार उतरलेला, लाजलेला.  मला वाटलं, आता हा माणूस उठून जाणार आणि सगळं मुसळ केरात. मी काही विचार न करता पुढे झालो आणि त्यांच्या हातातून पेन्सिल आणि वही काढून घेतली.

"मी लिहितो," मी म्हटलं. "सांगा, साहेब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घसा खाकरला.

"मास्तर, तुम्हाला लघुलिपी येत नाही."

"हळू सांगा मग."

आणि काकाजी बोलू लागले. पहिली दोन वाक्यं कापरी, तिसऱ्यापासून काय आवाज लागला! छापील मराठी, एकही शब्द अडला नाही. बायांनी मागितलेल्या वाढीपैकी पाऊण वाढ न्याय्य. त्यातली निम्मी आजपासून, उरलेली निम्मी पडून असलेल्या गाठी विकल्या की. तोंडाला बांधायचं फडकं आणि दुपारी बसायला अर्धा तास, हे मालकाकडून. हंगाम संपताना मागितलेलं बक्षीस या वर्षी नामंजूर, कारण पक्षकारांनी गाठी स्वतः पाहिल्या आहेत. वाढीव मजुरी पुढच्या हंगामातही कायम, मग कापूस येवो न येवो. मी घामाघूम होऊन लिहीत होतो आणि ते दर वाक्यानंतर थांबून विचारत होते, "झालं? पुढे घेऊ?"

शेठने सही केली. याडीने एकेक अक्षर कोरत आपलं नाव लिहिलं. मग असा कल्ला उठला म्हणता! बायांनी शेठसकट सगळ्यांना गूळ चारला. काटेवाल्याने साखळी सोडली तसे सगळे ट्रक एकदम हॉर्न वाजवत सुटले. माझी बायको एका अनोळखी बाईच्या गळ्यात पडून रडत होती.

तेवढ्यात शेठने विचारलं, "चांदेकरजी, तुमची फी?"

"काही नाही."

"असं कसं?" याडी उसळली. "दुसऱ्यायले म्हनता फुकट काम कोनी करू नये, आन सोता?" यावर लवादाच्या डोळ्यांदेखत उभय पक्षांनी दोन मिनिटांत निवाडा केला. रुई शेठची, शिलाई बायांची. काकाजींना एक गोधडी, काचा-कवड्या लावलेली. अपील नाही.

दुपारी मी काकाजींना स्कूटरवरून घरी आणलं.   ओट्यावर चढून त्यांनी कुलपाला किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"मास्तर, एक विचारू?"

"विचारा ना."

"ही होती ना, तेव्हा मी कोर्टातून आलो की रोज विचारायची. पायावर पाणी घ्यायच्या आधी. 'आज काय निकाल दिला?' असं. मी म्हणायचो, अगं, निकाल साहेब देतात, मी लिहितो. दुसऱ्या दिवशी परत तेच. चिडवायची मला. एकतीस वर्षं चिडवलं." ते कुलपाकडेच पाहत होते. "आज आता आत गेलो, तर..."

  वर्गात चाळीस पोरांना गप्प बसवणारा मी, त्या ओट्यावर हात लोंबकळत ठेवून उभा होतो. या माणसाला बाजारात चुकवल्याची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"काकाजी," मी म्हटलं, "आज काय निकाल दिला?"

त्यांनी किल्ली सोडली. ओट्यावर बसले, मला शेजारी बसायला लावलं आणि पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. मी सगळं ऐकलं. एकदाही मधे बोललो नाही.